वाढत्या वयाचा दंगेखोर कुत्रा घरी आणताय? आधी झोप, मग धडे

पुण्यात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी राहते आणि कायमचं घर मिळेपर्यंत कुत्री सांभाळते. बहुतेक रस्त्यावर जन्मलेली, सात महिने ते दीड वर्ष वयाची. त्यांना घर मिळालं की आठ-पंधरा दिवसांत फोन येतो आणि मजकूर जवळजवळ ठरलेला असतो: “फार एनर्जी आहे हो ह्याच्यात. रोज दोन तास पळवतो, तरी रात्री सोफा फाडतो. शिकवायला गेलं की हातच धरतो तोंडात.”

मी विचारते, दिवसभरात झोपतो किती? बहुतेकांनी मोजलेलं नसतं.

मेहनत माणसं भरपूर घेतात, क्रम चुकतो. पहिल्याच दिवशी ‘बस’, ‘शेकहँड’, दुसऱ्या दिवशी बागेत इतर कुत्र्यांशी ओळख, तिसऱ्या दिवशी पाहुणे. कुत्र्याला अजून संडासची जागा ठाऊक नसते. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने घ्या. मधला टप्पा सोपा वाटला म्हणून गाळलात, तर महिन्याभराने तिथेच परत यावं लागतं.

वयाबद्दल एवढंच ध्यानात ठेवा. कुत्र्याचं वयात येणं साधारण सहाव्या महिन्यात सुरू होतं आणि दीड वर्षापर्यंत चालतं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या अंगाच्या जातींना दोन वर्षंही लागतात. अंगाने तो पुरा वाढलेला दिसतो, म्हणून आपण त्याला मोठा धरून चालतो. आतून तो दहावीतला पोरगा असतो. काल आलेलं आज विसरतो, कालपर्यंत ज्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत नव्हता त्यावर आज भुंकतो. हा हट्टीपणा नाही आणि ‘आपल्याला दाबून ठेवायचा डाव’ तर अजिबात नाही.

टप्पा १: कुत्रा यायच्या आधीचा आठवडा

१. कोपरा ठरवा. घरातली वर्दळ दिसेल, पण कुणी ओलांडून जाणार नाही अशी जागा. मुख्य दाराजवळ नको, टीव्हीखाली नको. तिथे एक जुनी गोधडी आणि पाण्याचं जड भांडं. स्टीलची हलकी वाटी पहिल्या तासात खेळणं होते.

२. बाल्कनी तपासा. गजांमधली फट एवढंच बघून भागत नाही. कठड्याला टेकवलेली कुंडी ही त्याच्यासाठी पायरी असते. कुंड्या आत घ्या किंवा जाळी लावा.

३. जमिनीपासून कमरेपर्यंतचं घर मोकळं करा. चपला, रिमोट, चार्जर, मुलांची खोडरबरं. कचऱ्याचा डबा झाकणाचा घ्या आणि ओट्याखाली बंद ठेवा. औषधं वरच्या फळीवर, कारण पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या आपल्या साध्या गोळ्याही कुत्र्याला विषारी ठरतात. खाण्यात चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका-बेदाणे आणि झायलिटॉल घातलेलं साखरविरहित च्युइंगगम, हे सगळं बंद. प्रसादाचा शिरा ‘घे रे बाबा थोडा’ म्हणून देणारे आजी-आजोबा घरात असतील तर बेदाण्यांचं त्यांना आधीच सांगून ठेवा.

४. सामान थोडंच लागतं. हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा पट्टा, छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, छातीवर आणि पाठीवर कडी असलेला. गळ्यात साधी चपटी कॉलर आणि तिला तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला. दोन मीटरचे दोन पट्टे. आणि एक लांब पट्टा, पाच ते दहा मीटरचा. हा लांब पट्टा म्हणून नायलॉनची गोल दोरी वापरू नका, तळहात सोलून निघतो. खाटेला लावतात तशी रुंद नवार चालते. साखळी, गळा आवळणारी किंवा काट्यांची कॉलर, बटण दाबून लांब होणारा पट्टा, यांतलं काही घेऊ नका. एक लहान सतरंजी वेगळी काढून ठेवा, पाचव्या टप्प्यात ती लागेल.

५. शब्द ठरवून फ्रिजवर कागद लावा. मराठी घरात हे जरा अवघड प्रकरण आहे. ‘बस’ हा शब्द दिवसभर हवेत असतो: बस झालं, बस कर, बस चुकली, बसा ना काका. ‘ये’चंही तेच. माझ्याकडची एक कुत्री पाहुण्यांना ‘बसा, बसा’ म्हटलं की आधी स्वतः बसायची आणि खाऊची वाट बघायची. कौतुक झालं, पण दिवसात शंभरदा कानावर पडून ज्याचं काहीच होत नाही तो शब्द कुत्र्याच्या लेखी मरतो. म्हणून जरा आडवळणाचे शब्द घ्या. मी ‘बस’ऐवजी ‘बैठक’ म्हणते, बोलावायला ‘इकडे!’, तोंडातलं सोडायला ‘दे’, सतरंजीवर जायला ‘जागेवर’. तुम्ही काहीही निवडा, फक्त आई एक, बाबा दुसरं आणि मुलगा इंग्रजीत तिसरं असं होऊ देऊ नका.

पुढे जाण्याआधी तपासा: पहिले तीन दिवस घरात कायम कुणीतरी असेल का? नसेल, तर आणायची तारीख पुढे ढकला. गणपतीत, दिवाळीत किंवा घरात लग्नकार्य असताना कुत्रा आणू नका.

टप्पा २: पहिले तीन दिवस काहीच शिकवू नका

बुंदी ही माझ्याकडची कुत्री आली तेव्हा नऊ महिन्यांची होती. गाडीतून उतरून आम्ही सोसायटीच्या फाटकाशी पोचलो आणि नेमकी त्याच वेळी वॉचमनने लोखंडी खुर्ची सरकवली. खुर्चीच्या पायांचा फरशीवर कर्रकन आवाज झाला. तिने मान खाली घातली, दोन पावलं मागे सरकली, हार्नेस कानांवरून उलटा सरकत निघाला आणि माझ्या हातात रिकामा पट्टा लोंबकळत राहिला. कॉलरला दुसरा पट्टा होता म्हणून ती आज आहे. पलीकडे कर्वे रस्त्याची संध्याकाळची वाहतूक होती.

म्हणून पहिली सूचना: पहिले काही आठवडे बाहेर पडताना दोन पट्टे. एक हार्नेसला, एक कॉलरला, दोन्हींची टोकं मनगटात अडकवलेली. नव्या घरातून निसटलेला कुत्रा परतायचा कुठे? त्याला अजून ‘घर’ माहीतच नसतं.

मग क्रम असा:

१. आधी खाली, ठरवलेल्या जागी शू-शी होऊ द्या. वीस मिनिटं लागली तरी थांबा.

२. पट्टा तसाच ठेवून घरात आणा, सगळ्या खोल्या हुंगू द्या, पाणी दाखवा, कोपरा दाखवा. मग पट्टा काढा.

३. घरच्यांनी आपापल्या कामाला लागावं. त्याच्यावर वाकून बघू नये, डोक्यावर थोपटू नये, मिठी तर नकोच. तो जवळ आला तर छातीखाली किंवा खांद्याला हळूच खाजवा, तीन सेकंदांनी हात काढा. त्याला आणखी हवं असेल तर तो पुढे सरकेल.

४. खाणं आधीच्या ठिकाणी जे मिळत होतं तेच द्या. पहिल्या दिवशी निम्मं खाल्लं किंवा काहीच खाल्लं नाही तर घाबरू नका. जागाबदलाच्या ताणाने पोट थोडं सैल होतं. मात्र रक्त पडलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा चोवीस तास पाणीच घेतलं नाही, तर थेट डॉक्टर.

५. पाहुणे नकोत, शेजारची मुलं नकोत, अंघोळ नको. वास येतोय? येऊ द्या आठवडाभर.

पहिल्या आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांकडे एक फेरी मात्र हवी. जंतांचं औषध, गोचिडांवरचा उपाय, रेबीजची लस. पावसाळा जवळ असेल तर लेप्टोच्या लशीचं विचारून घ्या, तुंबलेल्या पाण्यातून तो रोग येतो. रेबीजचा दाखला जपून ठेवा, महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना काढताना लागतो. नसबंदी कधी करायची हे वय आणि जात बघून डॉक्टरच सांगतील. मादी असेल तर सहा महिन्यांपासून कधीही पहिल्यांदा माजावर येऊ शकते हे लक्षात असू द्या. त्या दिवसांत बागेत नेणं बंद.

सावध: पहिले दोन-तीन दिवस गप्प बसलेला कुत्रा पाहून ‘किती शहाणं बाळ’ म्हणू नका. तो बिचकलेला असतो. खरा दंगा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पाय स्थिरावल्यावर सुरू होतो. घाबरून फोन करणारे बहुतेक याच मुक्कामावर असतात.

टप्पा ३: दिवसाची घडी, आणि तिच्यात झोप

या वयाच्या कुत्र्याला चोवीस तासांत चौदा ते सोळा तास झोप लागते. आपल्या घरात ती मिळत नाही. सकाळी दूधवाला, मग कामवाल्या मावशी, मग कुरियर, मुलं शाळेतून येतात, संध्याकाळी टीव्ही. प्रत्येक बेलला तो उठतो. संध्याकाळी साडेसातला अंगात आल्यासारखा सोफ्यावरून पलंगावर, पलंगावरून दारापर्यंत उड्या मारत सुटतो. आपण म्हणतो, दमला नाही, अजून पळवा. प्रत्यक्षात झोप अपुरी झालेलं लेकरू जसं रात्री किरकिर करतं, तसं ते असतं.

रोज दोन तास चेंडू फेकून तुम्ही त्याला पैलवान बनवता. महिन्याभराने त्याच दमवणुकीला तीन तास लागतात.

घडी साधारण अशी बसवा:

सकाळी साडेसहाला बाहेर, अर्धा तास, निम्मा वेळ नुसतं हुंगणं. परत आल्यावर खाणं. नऊ ते बारा कोपऱ्यात झोप, पडदा ओढून, पंखा लावून. दुपारी पाच मिनिटं खाली. मग पुन्हा झोप. साडेपाचला दुसरी फेरी, नंतर पाच मिनिटांचा एखादा धडा. सातच्या सुमारास, म्हणजे दंग्याच्या आधी, चघळायला काहीतरी. रात्री साडेदहाला शेवटचं खाली.

चघळण्या-चाटण्याने कुत्रा शांत होतो. त्यासाठी महाग खेळणी लागत नाहीत. जुन्या टॉवेलवर त्याचं रोजचंच खाणं पसरा, गुंडाळी करा, सैलसर गाठ मारा आणि द्या. उकडलेला लाल भोपळा आणि थोडं दही वाटीत गोठवून दिलं तर वीस मिनिटं आवाज नाही. शिजवलेली हाडं मात्र कधीच नाहीत. ती चिरफळतात आणि आतड्याला लागतात.

दिवसाचं खाणं मोजून दोन भाग करा: निम्मं भांड्यात, निम्मं खिशात. धड्यांचा खाऊ या खिशातल्या भागातूनच जातो, नाहीतर दोन महिन्यांत लठ्ठ होतो. बाहेरच्या कठीण जागांसाठी उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे, मीठ-मसाला न घालता.

तपासा: आठवडाभर कागदावर झोपेचे तास लिहा. बारा भरत नसतील तर पुढचा कुठलाही टप्पा सुरू करू नका.

टप्पा ४: शू-शी, दात आणि उड्या

शू-शी झटपट सांगते. मोठ्या कुत्र्यालाही नव्या घरात पिलासारखंच धरायचं: उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, आणि जागा असेल तेव्हा मध्ये दर दोन-तीन तासांनी खाली. तिथेच, काम झाल्या क्षणी खाऊ, वर येऊन नाही. घरात चुकला तर ओरडू नका, नाक घासणं हा तर अडाणीपणा आहे. त्याने तो एवढंच शिकतो की तुमच्यासमोर करायची नाही, मग पलंगामागे जाऊन करतो. फिनेलने पुसून वास झाकला जातो, जात नाही, शिवाय पंजे चाटताना ते पोटात जातं. लघवीचा वास मोडणारं एन्झाइमचं द्रावण मिळतं, ते वापरा. पावसाळ्यात बरीच कुत्री पाय ओले करायला तयार नसतात. पार्किंगमधला एखादा कोरडा कोपरा आधीच ठरवा, आणि पाण्याची बाटली सोबत ठेवून तो धुवा. सोसायटीतली निम्मी भांडणं त्या बाटलीने टळतात.

दातांचं जरा सविस्तर. या वयात पक्के दात आलेले असतात, जबड्यात ताकद असते आणि तोंड हाच त्याचा हात असतो. खेळता खेळता तो मनगट धरतो. आपण हात झटकन ओढतो, ‘ए! नाही! सोड!’ ओरडतो. त्याच्या दृष्टीने खेळ आणखी रंगला.

१. हात ढिला सोडा, ओढू नका. आवाज करू नका.

२. उठा आणि जाळीच्या फाटकापलीकडे किंवा दाराबाहेर जा. वीस सेकंद.

३. परत या, हातात कापडाची वेणी किंवा जाड दोरखंड घेऊन या. तोंडात हे धरायचं.

४. पुन्हा हात धरला, पुन्हा तेच. एका बैठकीत तीनदा झालं तर समजा त्याला झोप आली आहे. कोपऱ्यात न्या, चघळायला द्या.

उड्यांना हेच गणित: चारही पाय जमिनीवर असताना लक्ष आणि खाऊ, वर असताना पाठ. अडचण घरच्यांची असते. पाच जण पाठ फिरवतात आणि सहावा ऑफिसातून येऊन ‘माझं सोनं गं ते’ म्हणत दोन्ही पंजे छातीवर घेतो. तो सहावा कोण, हे प्रत्येक घराला माहीत असतं. आधी त्याला शिकवा.

सावध: चप्पल पळवली तर मागे धावू नका आणि तोंडातून ओरबाडू नका. दोन पावलं दूर उभं राहून चिकनचा तुकडा दाखवा, ‘दे’ म्हणा, अदलाबदल करा. ओरबाडलं जाण्याची सवय झालेला कुत्रा पुढे वस्तूवर बसून गुरगुरायला लागतो. आणि गुरगुरल्याबद्दल कधीच शिक्षा नाही. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केलीत तर तो पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

दात लागून कातडी फाटली, तर कुत्र्याला लस दिलेली असो वा नसो, जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. ‘घरचाच आहे’ म्हणून थांबू नका.

टप्पा ५: सतरंजीचा धडा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ‘बस’ने कुत्रा बसतो, पण आतून उसळतच असतो. सतरंजीवर तो निवांत व्हायला शिकतो. सुरुवात घरात, शांत वेळी, दिवसातून तीनदा, दर वेळी तीन मिनिटं.

१. सतरंजी समोर पसरा, काही बोलू नका. त्याने हुंगली, पाय ठेवला, खाऊचा दाणा सतरंजीवर टाका. हातातून तोंडात नाही. दहा दाणे झाले की सतरंजी गुंडाळून उचला. ती सतत पडून राहिली तर तिची किंमत जाते.

२. दोन-तीन दिवसांत ती पसरताच तो येऊन उभा राहील. आता थांबा. पाच सेकंद, दहा सेकंद. कंटाळून तो खाली टेकेल. टेकला की पुढच्या दोन पायांच्या मध्ये एकामागून एक पाच दाणे.

३. आता दाण्यांमधलं अंतर वाढवा, पण सरळ चढत्या क्रमाने नको. पाच सेकंद, दहा, तीन, पंधरा, पाच. दर वेळी लांबतच गेलं तर त्याला कळतं की हे अवघडच होत जाणार, आणि तो उठून जातो.

४. तुम्ही हला. आधी खुर्चीतून अर्धवट उठा, बसा, दाणा. मग उभं राहा. मग एक पाऊल. मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.

५. तो आपणहून सतरंजीकडे धावायला लागल्यावरच ‘जागेवर’ हा शब्द जोडा. त्याआधी शब्द म्हणजे नुसता आवाज.

६. शेवटी घरातले आवाज आणा. बुंदीचं आमच्या कुकरशी हाडवैर होतं. पहिली शिट्टी झाली की ती ओट्याशी जाऊन भुंकायची. मी एका रविवारी डाळ-भाताचा कुकर लावला, सतरंजी स्वयंपाकघरापासून लांबच्या टोकाला टाकली आणि प्रत्येक शिट्टीबरोबर चिकनचा तुकडा तिच्या पायांमध्ये पडेल असं बघितलं. पहिल्या दिवशी ती तीनही शिट्ट्यांना उठली. चौथ्या दिवशी कान फक्त हलले. दहाव्या-बाराव्या दिवशी शिट्टी झाली की ती ओट्याकडे न बघता माझ्याकडे बघायची. सतरंजी मग दर दोन दिवसांनी हातभर पुढे सरकवली.

तपासा: पोटावर ताठ बसून चारही पाय अंगाखाली असतील तर तो उठायच्या तयारीत आहे. कंबर एका कुशीला कलंडली, हनुवटी टेकली आणि नाकातून मोठा श्वास सुटला, की धडा लागू पडला. या खुणेशिवाय वेळ वाढवू नका.

नेहमीची चूक: दंगा केला की ‘जागेवर!’ ओरडून सतरंजीवर पाठवणं. एकदा ती शिक्षेची जागा झाली की सगळं मुसळ केरात.

टप्पा ६: पट्ट्यावर चालणं, जिन्यापासून रस्त्यापर्यंत

थेट रस्त्यावर शिकवायला घेणं म्हणजे लोकलच्या गर्दीत उभं राहून अभ्यास करणं. पायऱ्या अशा ठेवा: हॉल, मग जिना, मग पार्किंग, मग सोसायटीची आतली फेरी, मग गल्ली.

१. हॉलमध्ये हार्नेस दाखवा, खाऊ द्या, घाला. दार उघडण्याआधी तो उड्या मारत असेल तर दाराच्या कडीवरचा हात काढून घ्या. चार पाय जमिनीवर आले की हात पुन्हा कडीकडे. पहिल्या दिवशी दहा मिनिटं जातील, आठवड्याने दहा सेकंद.

२. चालताना पट्टा सैल असेल तेव्हा आपल्या मांडीला लागून खाऊ द्या. ताणला की झाडासारखं उभं राहा. झटका देऊ नका, मागे ओढू नका. त्याने वळून बघितलं, पट्टा सैलावला, पुढे चला. ओढूनसुद्धा पुढे जाता येतं हे त्याला दिवसातून एकदा जरी कळलं तरी तो ओढत राहणार.

३. घाईची फेरी आणि शिकण्याची फेरी वेगळी ठेवा. ऑफिसला उशीर होतोय आणि फक्त शू करून आणायचं आहे, तेव्हा पट्टा हार्नेसच्या वेगळ्या कडीला लावा: शिकताना छातीवरच्या, घाईत पाठीवरच्या. हा फरक त्यालाही लवकर समजतो.

४. हुंगू द्या. वीस मिनिटं विजेच्या खांबांशी आणि झुडपांशी घालवलेला कुत्रा तासभर चाललेल्यापेक्षा निवांत होऊन घरी येतो.

आता गल्लीतली कुत्री. प्रत्येक गल्लीला तिची मालक मंडळी असतात आणि नवा पोरगा दिसला की ती तपासायला येतातच. ती उठून बघायला लागली की तिथेच वळा, भुंकायची वाट बघू नका. पट्टा आखडू नका, तो ताणला की तुमचा कुत्रा आणखी बिथरतो. मुठभर खाऊ त्याच्या नाकाखाली जमिनीवर विखुरत, अंतर ठेवून निघा. दगड उचलू नका. त्या गल्लीत तुम्हाला उद्याही यायचं आहे. तिथे त्या कुत्र्यांना खाऊ घालणारी ताई किंवा काका असतातच, त्यांच्याशी ओळख करून घ्या. कोण कुठे बसतो, कोणाला काय खुपतं, हे त्यांना पाठ असतं.

सावध: मार्च ते जून तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. धापा टाकताना जीभ गडद लाल होऊन लांब लोंबली, पाय लटपटले, तर सावलीत न्या, पोटावर आणि पायांवर साधं पाणी ओता आणि डॉक्टरांकडे निघा.

टप्पा ७: हाक मारल्यावर येणं

या वयात सगळ्यात आधी हेच मोडतं. घरात ‘इकडे!’ म्हटलं की धावत येणारा मैदानात ऐकूही न आल्यासारखं करतो.

घरात दिवसातून पंधरा-वीसदा हाक मारा, आला की चिकन, आणि परत जाऊ द्या. मग पार्किंगमध्ये. मग बंदिस्त मैदानात लांब पट्ट्यावर. हा पट्टा पाठीवरच्या कडीलाच लावायचा, कॉलरला लावलात तर धावत जाऊन झटका बसेल आणि मानेला इजा होईल.

हाक एकदाच. नाही आला तर पट्टा हळू गुंडाळत त्याच्याजवळ जा, पुढच्या वेळी अंतर कमी ठेवा. अंघोळीला, नखं कापायला, खेळ संपवून घरी न्यायला ‘इकडे!’ म्हणून बोलावू नका. त्या कामांना तुम्ही उठून जा. आणि कितीही उशिरा आला, तरी आल्यावर रागावू नका. तुमच्या डोक्यात तो पळाल्याची शिक्षा असते, त्याला ती आल्याची वाटते.

निसटलाच तर मागे धावू नका. तोंड फिरवून उलट दिशेने पळा, हसत-ओरडत, किंवा सरळ खाली बसून जमिनीत काहीतरी उकरायला लागा. लोक बघतील. बघू द्या.

शहरात रस्त्यावर पट्टा सोडून फिरवणं मला मान्य नाही, कितीही शिकलेला असो. एक स्कूटर पुरते.

टप्पा ८: घरी एकटं राहणं

हा टप्पा लोक सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी सुरू करतात. हा एकच टप्पा बाकीच्यांच्या जोडीने दुसऱ्या आठवड्यातच सुरू करा. चावी उचला, खाली ठेवा. दार उघडा, बंद करा, आतच राहा. बाहेर पाच सेकंद. मग तीस. मग लिफ्टपर्यंत. जाताना निरोपाचं नाटक नको आणि आल्यावर आरतीही नको. पंधरा मिनिटं नीट जमली की पुढे वेळ भराभर वाढतो, पहिली पाचच खरी जड जातात.

जुना मोबाइल व्हिडिओ चालू करून ठेवून जा. झोपला, चघळलं, दाराशी दोनदा गेला, इथवर ठीक. सलग रडणं, लाळेचं तळं, दार ओरबाडून नखं रक्ताळणं, हे दिसलं तर वेळ वाढवणं थांबवा. ही भीती आहे, खोड नव्हे, आणि तिला डॉक्टरांची मदत लागते.

टप्पा ९: सगळं उलटं फिरतं तेव्हा

दीड-दोन महिन्यांनी एक आठवडा असा येतो की काहीच जमत नाही. घरात शू, पट्ट्याला ओढ, हाकेला दाद नाही. अशा वेळी दोन टप्पे मागे जा आणि तिथून चार-पाच दिवसांत पुन्हा चढा. नवीन काही शिकवू नका. दिवसभरात काय काय साचलं ते बघा: सकाळी डॉक्टर, दुपारी सुतार, संध्याकाळी गल्लीत भांडण. एकेक गोष्ट त्याने निभावली असती, तिन्ही मिळून रात्री सोफ्यावर निघतात. अशा दिवसानंतरचा दिवस पूर्ण सुट्टीचा ठेवा.

अचानक चिडका झाला, एका बाजूने हात लावू देत नाही, जिना चढायला कुरकुरतो, तर धडा बाजूला ठेवा आणि आधी दुखणं तपासा. सुस्ती, ताप, फिक्या हिरड्या असतील तर गोचीड तापाची रक्ततपासणी करून घ्या. गोचीड दिसली नाही तरी ताप असू शकतो.

माणसाला चावला, वस्तूवर बसून दात दाखवतो, दुसऱ्या कुत्र्याला सोडत नाही असा धरतो, तर शिकवणारा माणूस बोलवा. पहिल्या फोनवरच विचारा, ‘कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता?’ उत्तरात झटका, लोळवून दाबून धरणं किंवा विजेची कॉलर आली, तर आभार मानून फोन ठेवा. आणि जो येईल त्याला दाखवायला झोपेच्या तासांचा तो कागद, आठवड्याचं खाणं आणि मोबाइलमधले दोन-तीन व्हिडिओ तयार ठेवा. कारण परक्या माणसासमोर कुत्रा पहिला तासभर देवाच्या गाईसारखा बसून राहील आणि तुम्ही सांगितलेलं सगळं खोटं वाटेल.